चिचिकास्तेनांगोचा माया बाजार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एका दिवसाच्या सहलीचे मार्गदर्शन

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात, एल किचे प्रांतात, सुमारे २००० मीटर उंचीवर चिचिकास्तेनांगो नावाचे गाव आहे. स्थानिक लोक त्याला नुसते 'चिची' म्हणतात. नकाशावर पाहिल्यास हे गाव गोव्यातल्या काणकोणच्या अक्षांशाच्या आसपास येते, पण उंचीने ते कळसूबाईच्या शिखरालाही मागे टाकते. त्यामुळे उष्ण कटिबंधातला देश म्हणून केवळ सुती कपडे घेऊन गेलेला प्रवासी तेथे सकाळी कुडकुडतो. दर गुरुवारी आणि रविवारी या गावात भरणारा बाजार मध्य अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या बाजारांपैकी एक आहे. भारतातून ग्वाटेमालाला थेट विमान नाही; अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र ह्यूस्टन किंवा मायामीहून ग्वाटेमाला सिटी अवघ्या काही तासांवर आहे. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांनी व्हिसाची चौकशी ग्वाटेमालाच्या दूतावासाकडे आधीच करावी आणि अमेरिकेतून विमान बदलणार असल्यास तेथील व्हिसाही लागतो, हे तिकीट काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हा बाजार किचे माया लोकांचा, त्यांच्या रोजच्या गरजांसाठी भरणारा बाजार आहे. पर्यटकांसाठी मांडलेल्या वस्तू ही त्याची केवळ बाहेरची कड आहे. बहुतेक पाहुणे त्या कडेवरच फिरून परततात आणि मग 'सगळीकडे त्याच पिशव्या, तेच टेबलक्लॉथ' अशी तक्रार करतात. थोडी आखणी केली आणि गावातलाच जाणकार माणूस बरोबर घेतला, तर एका दिवसातही आतला बाजार पाहता येतो.

वार, मुक्काम आणि वेळ

पहिला निर्णय वाराचा. गुरुवार आणि रविवार सोडून इतर दिवशी गेल्यास काही दुकाने उघडी असतात, पण बाजार नसतो. दोन्ही दिवसांत निवड करायची असेल तर मी रविवार सुचवीन. त्या दिवशी गर्दी अधिक असते हे खरे, परंतु आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसे चर्चमध्ये उपासनेसाठीही येतात. गावातल्या चौदा 'कोफ्रादिया', म्हणजे एकेका संताची सेवा सांभाळणारी मंडळे, यांचे मानकरी रविवारी चांदीच्या सूर्याकार तबकड्या लावलेले मानदंड हाती घेऊन मिरवणुकीने निघालेले दिसण्याची शक्यता असते. काळ्या लोकरी कपड्यांवर रंगीत भरतकाम आणि डोक्याला बांधलेले लाल वस्त्र, असा त्यांचा वेश असतो. गर्दीचा त्रास होणाऱ्यांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी गुरुवार धरावा.

दुसरा निर्णय मुक्कामाचा. बहुतेक प्रवासी अँटिग्वा या जुन्या राजधानीत किंवा आतित्लान सरोवराकाठच्या पानाहाचेल गावात राहतात. अँटिग्वाहून चिचीला पोहोचायला साधारण अडीच ते तीन तास लागतात, तर पानाहाचेलहून सुमारे दीड तास पुरतो. म्हणून प्रवासात सरोवर येणारच असेल, तर चिचीची सहल पानाहाचेलच्या मुक्कामात बसवणे शहाणपणाचे. अँटिग्वाहून एकाच दिवसात 'बाजार आणि सरोवर' दोन्ही दाखवणाऱ्या सहली विकल्या जातात. त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांत बाजाराच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात आणि सरोवर गाडीच्या खिडकीतून दिसते.

नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने कोरडे असतात. मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यातही सकाळ बहुधा उघडीप देणारी असते आणि पाऊस दुपारनंतर येतो. डिसेंबरात, विशेषतः १४ ते २१ तारखांच्या दरम्यान, गावाचा रक्षक संत सान्तो तोमास याचा उत्सव असतो. उंच खांबाच्या टोकावरून दोर बांधून गरगर फिरत खाली येणारे 'पालो व्होलादोर'चे खेळाडू, मुखवट्यांची नृत्ये आणि दिवसभराचे फटाके पाहायचे असतील तर हा आठवडा गाठावा. मात्र पहिल्या भेटीत शांतपणे बाजार समजून घ्यायचा असेल, तर तो टाळलेलाच बरा.

वाटाड्या निवडताना

सहल ठरवताना 'गाडी' आणि 'मार्गदर्शक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. स्वस्त शटलगाड्या प्रवाशांना सकाळी चौकाजवळ सोडतात आणि दुपारी दोनच्या सुमारास तेथूनच उचलतात. मधल्या वेळात कोणीही सोबत नसते. मार्गदर्शक हवा असेल तर तो सहलीच्या दरात धरला आहे का, तो कोणती भाषा बोलतो आणि गावात किती तास मिळणार, हे तिन्ही प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. गावात चार तासांपेक्षा कमी वेळ देणारी सहल घेऊ नये.

शटलने येऊन गावातलाच वाटाड्या घेणे हा मला सर्वांत उत्तम मार्ग वाटतो. 'इनग्वात' या ग्वाटेमालाच्या सरकारी पर्यटन संस्थेकडून परवाना मिळालेले मार्गदर्शक छायाचित्र असलेले ओळखपत्र बाळगतात. ते दाखवण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. ज्याची मातृभाषा किचे आहे असा मार्गदर्शक मिळाला, तर दिवसाचे स्वरूपच बदलते. बाजारातल्या पुष्कळ वयस्क बायका स्पॅनिश कामापुरतीच बोलतात, आणि आपल्या भाषेत चौकशी करणारा माणूस बरोबर असला की त्या कापडाविषयी, भाजीविषयी, देवाविषयी मोकळेपणाने सांगू लागतात. मानधन, तासांची संख्या आणि टेकडीवरच्या देवस्थानी जायचे की नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. काही मार्गदर्शक ठरावीक दुकानांत नेऊन दलाली मिळवतात. सुरुवातीलाच 'मला आज खरेदीपेक्षा बाजार पाहायचा आहे' असे नम्रपणे सांगितले, तर पुढची कुचंबणा टळते.

बरोबर घ्यायच्या वस्तू मोजक्याच आहेत. अंगावर एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे, कारण सकाळची थंडी दहा-अकरापर्यंत ओसरते आणि मग डोंगरावरचे ऊन चांगलेच भाजते, त्यासाठी टोपी, वळणांचा त्रास होणाऱ्यांसाठी मळमळीची गोळी, शुद्ध पाण्याची बाटली, आणि स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी व थोडा कागद. चलन केत्साल आहे. गावात एटीएम आहेत, पण बाजाराच्या दिवशी त्यांच्यावर विसंबू नये आणि शंभराच्या मोठ्या नोटांऐवजी पाच, दहा, वीस अशा नोटा अधिक आणाव्यात. भाजीवालीपुढे मोठी नोट धरली, की ती सुटे आणायला शेजारपाजारच्या चार ठेल्यांवर हिंडते आणि तेवढा वेळ तिचे गिऱ्हाईक खोळंबते.

रस्ता

पॅन-अमेरिकन महामार्गावरच्या लोस एनक्वेन्त्रोस या नाक्यावरून चिचीचा फाटा फुटतो. तेथून पुढचे सतरा-अठरा किलोमीटर रस्ता खोल घळीत उतरतो आणि तितक्याच तीव्र वळणांनी पुन्हा चढतो. पावसाळ्यात या भागात दरडी कोसळतात. शिवाय ग्वाटेमालात राजकीय आंदोलनांच्या वेळी महामार्गावर रास्ता रोको होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये निवडणुकीच्या निकालाच्या रक्षणासाठी माया समाजाच्या पारंपरिक नेतृत्वाने पुकारलेल्या आंदोलनात देशभरातले रस्ते काही आठवडे अडले होते. म्हणून आदल्या संध्याकाळी आणि निघण्यापूर्वी हॉटेलात रस्त्याची विचारपूस करावी आणि परतीचे विमान त्याच रात्रीचे कधीही ठेवू नये. पर्यटकांच्या मदतीसाठी 'प्रोआतूर' ही सरकारी सेवा १५०० या क्रमांकावर उपलब्ध असते. तो क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

आधी भाजीबाजार

गाडीतून उतरल्यावर पावले आपोआप रंगीत कापडाकडे वळतात. तसे न करता आधी चौकाच्या उत्तरेकडच्या नगरपालिकेच्या झाकलेल्या बाजारात, म्हणजे 'सेन्त्रो कोमेर्सियाल' या इमारतीत जावे. खालच्या मोकळ्या जागेत भाजीचा बाजार भरतो आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून तो सगळा एका नजरेत दिसतो. विक्रेत्या जमिनीवर बसलेल्या, प्रत्येकीपुढे गाजर, कांद्याच्या पाती, टोमॅटो, बटाटे यांचे नीट रचलेले ढीग, आणि मधल्या चिंचोळ्या वाटांतून कपाळावर चामड्याचा पट्टा घेऊन पाठीवर ओझे वाहणारे हमाल. त्या पट्ट्याला 'मेकापाल' म्हणतात. पुढून तसा माणूस येताना दिसला की बाजूला सरावे. मान खाली घातलेल्या त्या माणसाला आपण दिसत नसतो, आणि एवढ्या ओझ्यासह मध्येच थांबणे त्याला सोपे नसते.

मराठी माणसाने या भाजीबाजारात घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या कितीतरी गोष्टी मूळच्या याच भूभागातल्या आहेत. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, सीताफळ, चिकू ही सगळी अमेरिका खंडाची देणगी आहे, आणि त्यांतल्या पुष्कळशा पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपले दार सजत नाही तो झेंडूही मेक्सिको-ग्वाटेमालाच्या मुलखातलाच. तेथे तो मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या आरंभी, थडग्यांवर वाहतात. उलट दिशेचा प्रवासही दिसतो. मक्याच्या पाल्यात बांधलेल्या 'पानेला'च्या ढेपा म्हणजे उसाचा गूळ, आणि ऊस तेथे स्पॅनिशांनी नेला. वेलदोडा तर भारतातून गेलेला, आणि आज त्याच्या निर्यातीत ग्वाटेमाला जगात आघाडीवर आहे, जरी तेथील लोक तो स्वतः फारसा खात नाहीत.

याच भागात पांढऱ्या चुन्याचे खडे विकायला ठेवलेले दिसतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग दळतात. त्यामुळे त्याचे टरफल सुटते, पीठ चिकट होऊन तोर्तिया थापता येते आणि मक्यातले एक महत्त्वाचे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. चुन्याचा तो खडा हातात घेऊन पाहावा. माया संस्कृतीचे शास्त्र पिरॅमिडांइतकेच त्यातही आहे.

सान्तो तोमासच्या पायऱ्या

भाजीबाजारातून चौकात आले की पूर्वेच्या बाजूला पांढरे सान्तो तोमास चर्च आणि त्यासमोर, चौकाच्या दुसऱ्या टोकाला, एल काल्वारियो हे छोटे प्रार्थनामंदिर दिसते. १५२४ मध्ये पेद्रो दे आल्व्हारादो या स्पॅनिश सेनानीने किचे राज्य जिंकले. त्यानंतर १५४० च्या सुमारास डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी हे चर्च जुन्या माया देवस्थानाच्या चौथऱ्यावर बांधले. चौथरा तसाच राहिला आणि पूजाही थांबली नाही. चर्चच्या अठरा दगडी पायऱ्या माया सौरवर्षाच्या अठरा महिन्यांच्या मानल्या जातात; त्यांतला प्रत्येक महिना वीस दिवसांचा असतो आणि उरलेले पाच दिवस वेगळे धरले जातात.

या पायऱ्यांवर काय चालते ते समजून घेण्यासाठी निदान अर्धा तास तरी राखून ठेवावा. खालच्या पायऱ्यांवर फुलवाल्या बसतात; ग्लॅडिओलस, गुलाब आणि पांढऱ्या लिलीच्या जुड्यांतून वर जाणारी वाट जेमतेम पाऊलभर उरते. पायथ्याशी दगडी वेदीवर सतत काहीतरी धुमसत असते. भोके पाडलेला पत्र्याचा डबा तारेला बांधून कोणी वृद्ध तो मागेपुढे झुलवत असतो आणि त्यातून 'पोम' या डिंकाचा, म्हणजे कोपालचा, दाट पांढरा धूर पायऱ्यांवर पसरत असतो. मध्येच तो थांबतो, ओठांतल्या ओठांत पूर्वजांची नावे घेतो, मग पुन्हा डबा झुलवतो. ही माणसे 'चुचकाहाव', म्हणजे विधी जाणणारे पुरोहित असतात, आणि २६० दिवसांच्या पवित्र पंचांगानुसार कोणत्या दिवशी कोणासाठी काय मागायचे हे ते जाणतात. तेथे चाललेले सगळे खरे असते. कोणाचे आजारपण, कोणाची पेरणी, कोणाचा हरवलेला मुलगा त्या धुराशी बांधलेला असतो.

म्हणून पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत. समोरच्या पायऱ्या चढून मुख्य दाराने आत जाऊ नये. ते दार विधी करणाऱ्यांसाठी आणि मानकऱ्यांसाठी असते, पाहुण्यांनी उजव्या बाजूच्या दाराने जावे. चर्चच्या आत छायाचित्र घेण्यास मनाई आहे आणि बाहेर विधी करणाऱ्यांचेही घेऊ नये. आत गेल्यावर टोपी काढावी, बोलणे टाळावे आणि जमिनीलगतच्या बैठ्या चौथऱ्यांवर पेटवलेल्या मेणबत्त्या, फुलांच्या पाकळ्या, मक्याचे दाणे, दारूचे थेंब यांच्यावरून पाऊल टाकू नये. त्या चौथऱ्यांशी गुडघे टेकून बसलेली माणसे आपल्या मृत आप्तांशी बोलत असतात. मार्गदर्शकाला जे समजावायचे असेल ते त्याने बाहेर आल्यावर सांगावे, अशी त्याला आधीच विनंती करावी.

या चर्चशी जोडलेली आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. १७०१ ते १७०३ या काळात येथे असलेले डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को हिमेनेस यांनी किचे लोकांकडील 'पोपोल वूह' या सृष्टिकथांच्या पवित्र ग्रंथाची किचे भाषेतली प्रत उतरवून घेतली आणि शेजारच्या रकान्यात तिचा स्पॅनिश अनुवाद लिहिला. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. आज जगाला हा ग्रंथ ठाऊक आहे तो हिमेनेस यांच्या हस्तलिखितामुळे. ते शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे, तेव्हा त्या शहरातल्या मराठी मंडळींना सहलीची तयारी घराजवळच सुरू करता येईल. देवांनी आधी मातीची, मग लाकडाची माणसे घडवली आणि ती साधली नाहीत म्हणून शेवटी पिवळ्या व पांढऱ्या मक्याच्या पिठातून माणूस घडवला, ही त्यातली कथा वाचून गेलेल्याला भाजीबाजारातले मक्याचे ढीग वेगळे दिसतात. चौकाच्या दक्षिणेला रोसबाख संग्रहालय आहे. तेथे गावात दीर्घकाळ धर्मगुरू असलेल्या इल्देफोन्सो रोसबाख यांच्याकडे जमलेल्या जेडच्या व मातीच्या प्राचीन वस्तू ठेवल्या आहेत. वेळ असेल तर वीस मिनिटे द्यावीत.

कापड पारखताना

आता खरेदी. येथील बाईच्या वेशात 'वीपिल' हा अंगरखा, 'कोर्ते' हे गुंडाळायचे वस्त्र, 'फाहा' हा कमरपट्टा आणि 'त्झुते' हे बहुउपयोगी चौकोनी कापड असते. त्झुते डोक्यावर ऊन लागू नये म्हणून घेतात, त्यात मूल पाठीशी बांधतात, भाकरी गुंडाळतात आणि चर्चमध्ये मान राखण्यासाठी खांद्यावर टाकतात. प्रत्येक गावाचे वीपिल वेगळे असते. चिचीचे जुन्या पद्धतीचे वीपिल ओळखणे सोपे आहे. गळा गोल, त्याभोवती सूर्यकिरणांसारखी काळ्या कापडाची टोके, आणि पुढे, मागे व दोन्ही खांद्यांवर एकेक गोल चकती.

वीपिल कमरेच्या मागावर विणतात. मागाचे एक टोक खांबाला किंवा झाडाला आणि दुसरे विणणारीच्या कमरेला बांधलेले असते, आणि धाग्यांचा ताण ती स्वतःच्या शरीराने पुढेमागे होऊन सांभाळते. ईशान्य भारतात नागा बायका अशाच मागावर विणतात. कोर्ते मात्र पायमागावर, बहुधा पुरुषांनी, विणलेले असते. त्यातली पांढरी पुसट नक्षी धागे आधी बांधून रंगवल्यामुळे उमटते. तिला 'हास्पे' म्हणतात. पाटण-पटोळा किंवा पोचमपल्ली ओळखणाऱ्याला ती पद्धत लगेच ध्यानात येईल. साल्काहा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

अस्सल हातमागाचे कापड पारखण्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्रथम कड पाहावी: कमरेच्या मागावर चारही बाजूंना पक्की किनार विणता येते, त्यामुळे कापलेली, दुमडून शिवलेली कड दिसली तर प्रश्न विचारावा. मग जोड पाहावा, कारण माग अरुंद असल्यामुळे वीपिल दोन किंवा तीन पट्टे जोडून बनते. अखेरीस कापड उलटे करावे. विणतानाच गुंफलेल्या नक्षीचे धागे मागच्या बाजूला फिरलेले दिसतात, यंत्राच्या भरतकामाखाली पांढऱ्या अस्तराचा कागद किंवा एकसारख्या टाक्यांची दाट जाळी असते, आणि केवळ छापलेल्या नकली वीपिलची मागची बाजू कोरी, फिकट असते. छापील वीपिल हल्ली पुष्कळ येतात. ती अनेक गरीब बायका स्वतः नेसतात, कारण हाताने विणलेल्याची किंमत त्यांना परवडत नाही. तेव्हा छापील वस्तू विकणारीवर राग धरू नये, फक्त ती हातमागाच्या भावाने घेऊ नये. विणकर बायकांच्या संघटना २०१६ पासून आपल्या नक्ष्यांवर सामूहिक हक्क मिळावा म्हणून न्यायालयात झगडत आहेत, हे ठाऊक असले की पाहुण्याच्या हातातल्या तुकड्याचे वजन त्याला नीट कळते.

घासाघीस येथे चालते आणि अपेक्षितही असते. 'क्वांतो क्वेस्ता?' म्हणजे केवढ्याला, असे विचारून सुरुवात करावी, दोन-चार ठेल्यांवर भाव ऐकावा आणि घ्यायचे नसेल तर भाव पाडू नये. कारखान्यातल्या पिशव्या, टेबलक्लॉथ, मुखवट्यांच्या छोट्या प्रती यांच्यावर मोकळेपणाने घासाघीस करावी. हाताने विणलेल्या वीपिलची गोष्ट निराळी आहे. त्यामागे कित्येक आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे काम असते, आणि त्यासाठी काही शे केत्सालांपासून हजाराच्या पुढेही किंमत सांगितली तर ती वाजवीच असते. तेथे थोडे कमी-जास्त करून थांबावे. विणणारीकडूनच घेता आले तर उत्तम. हातात वस्तू घेऊन मागे लागणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांना 'नो, ग्रासियास' एवढे स्पष्ट सांगून पुढे चालावे, आणि लहान मुलांकडून वस्तू विकत घेऊ नयेत. कामाच्या शेवटी किचे भाषेत 'माल्तियोश', म्हणजे धन्यवाद, म्हटले की समोरची बाई हटकून हसते. जुने म्हणून दाखवले जाणारे दगडी किंवा मातीचे तुकडे मात्र मुळीच घेऊ नयेत: खरे असतील तर देशाबाहेर नेणे गुन्हा आहे, आणि खोटे असतील तर पैसे गेले.

माणसांची छायाचित्रे घेण्यापूर्वी परवानगी मागावी, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली ठेवावा. मुलांची छायाचित्रे घेऊच नयेत. परके लोक मुले पळवतात, ही भीती या डोंगराळ भागात खोलवर रुजलेली आहे. एप्रिल २००० मध्ये तोदोस सान्तोस कुचुमातान या गावाच्या बाजारात अशाच अफवेने बिथरलेल्या जमावाने एका जपानी पर्यटकाचा आणि बसचालकाचा बळी घेतला. या भीतीमागे यादवी युद्धाच्या आठवणीही आहेत. १९६० ते १९९६ या युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, बळींत बहुसंख्य माया होते आणि सर्वाधिक झळ याच एल किचे प्रांताला बसली. १९९२ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या रिगोबेर्ता मेन्चू याच प्रांतातल्या. मार्गदर्शकाचे वय पन्नाशीच्या पुढे असेल तर तो काळ त्याने पाहिलेला असतो. तो आपणहून बोलला तर ऐकावे. खोदून विचारू नये.

जेवण

चौकाच्या मध्यभागी, ताडपत्रीखाली, लांब बाकांची छोटी खाणावळ-दुकाने असतात. जेथे स्थानिक कुटुंबे बसली आहेत आणि पातेल्यातून वाफ निघते आहे तेथे बसावे. मांसाहारींसाठी कोंबडीचा रस्सा किंवा भोपळ्याच्या बिया व सुक्या मिरच्या भाजून केलेले 'पेपियान' घेण्यासारखे आहे. शाकाहारींनी जरा सावध राहावे. तेथे 'मांस' म्हटले की बहुधा गोमांस समजले जाते, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, असे कोंबडीचे नाव घेऊन सांगावे, आणि घेवड्याच्या काळ्या दाण्यांच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, यासाठी 'सिन मान्तेका?' असे विचारावे. तव्यावरून थेट येणाऱ्या तोर्तिया, अ‍ॅव्होकॅडो, ताजे चीज, तळलेली केळी, भात आणि कोवळ्या मक्याचे गरम गोड 'आतोल' एवढ्यावर उत्तम जेवण होते. कापून ठेवलेली फळे आणि नळाचे पाणी टाळावे.

टेकडीवरचे देवस्थान आणि परतीची तयारी

जेवण झाल्यावर तासाभराचा अवकाश असेल तर गावाच्या नैर्ऋत्येकडील टेकडीवरच्या 'पास्क्वाल आबाह' या देवस्थानी जावे. वाटेत लाकडी मुखवटे बनवणारी घरे लागतात. गुलाबी चेहऱ्याचा, सोनेरी केसांचा मुखवटा हा आल्व्हारादोचा, आणि 'विजयाचे नृत्य' या खेळात तो आजही घातला जातो. वर पाइनच्या झाडांत काळपट दगडाची झिजलेली मूर्ती, भोवती राख, पाकळ्या आणि मेणाचे ओघळ एवढेच असते. विधी चालू असेल तर दूर थांबावे आणि बोलावल्याशिवाय जवळ जाऊ नये. या वाटेवर एकट्याने जाऊ नये. पूर्वी लूटमारीचे प्रकार घडलेले आहेत. परतताना पश्चिमेकडच्या टोकाला रंगीबेरंगी थडग्यांचे दफनभूमीचे आवार दुरून दिसले, तरी तेथेही सोबतीशिवाय फिरू नये.

दोनच्या पुढे गर्दी ओसरू लागते, ठेल्यांचे बांबू आणि वासे सोडवले जातात आणि अरुंद गल्ल्यांत माल भरणारे ट्रक येतात. खिसेकापूंना हीच वेळ सोयीची, म्हणून पैशाची पिशवी पोटाशी ठेवून ठरल्या जागी दहा मिनिटे आधी पोहोचावे. आदल्या संध्याकाळी येऊन चौकाभोवतीच्या कमानींखाली झोपलेले व्यापारी मध्यरात्रीपर्यंत घरी पोहोचणार असतात, तेव्हा शेवटच्या क्षणी 'आता तरी स्वस्त द्या' म्हणून त्यांना अडवून धरू नये. घेतलेले कापड बॅगेत प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नये, कारण त्यात कोपालचा धूर आणि ओल असते. घरी आल्यावर ते एक दिवस सावलीत उघडे ठेवावे. पहिली धुलाई इतर कपड्यांपासून वेगळी, गार पाण्यात, सौम्य साबणाने करावी. लाल आणि निळा रंग सुरुवातीला हमखास सुटतो, म्हणून ते भिजत न ठेवता लगेच खळबळून, न पिळता, सावलीतच वाळवावे.